डोळे मिटायचे नाहीत

उद्या मी मरणार आहे, हे साहेबांनी मला चहाचा कप पुढे सरकवत सांगितलं. चहात साखर जरा जास्तच होती. एरवी आमच्या केंद्रात साखरेला हात आखडता, पण मरणाऱ्या माणसाचे लाड करायची तिथे पद्धत असावी.

"वाईट वाटतं हो," साहेब म्हणाले. "इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून काम केलंत."

"तेल नाही, थेंब," मी म्हटलं. "आणि आग होते नुसती."

मी पाहणारी आहे. हुद्दाच तसा आहे, गळ्यातल्या कार्डावर लिहिलंय. केंद्रात एक खुर्ची असते, तिच्यावर एक थंडगार टोपी लोंबत असते. टोपी चढली की उद्या आपले डोळे जे पाहणार आहेत ते आजच दिसतं. दुसऱ्याच्या डोळ्यांनी नाही, आपल्याच. आवाज नाही, वास नाही, नुसतं चित्र. आता मी उद्या भाजी निवडत बसणार असेन तर आज मला भाजीच दिसायची, आणि माझी भाजी कोण विकत घेणार? म्हणून केंद्रानं डोकं लढवलं. रोज दुपारी पाहणाऱ्यानं खुर्चीत बसून आधी समोरचा पडदा बघायचा. पडद्यावर शहरातल्या कॅमेऱ्यांचं थेट चित्र चालू असतं. ते बघून झालं की टोपी घालायची आणि उद्याचा पडदा आजच बघून सांगायचा. प्रत्येकाची खोली वेगळी, पडदा वेगळा, शहराचा तुकडा वेगळा. माझ्याकडे डोंगराकडचा भाग होता: धरणाची भिंत, मालाचं स्टेशन आणि खोदाई चालू असलेला नवा बोगदा.

या धंद्यात एकच नियम पाळायचा. डोळे मिटायचे नाहीत. पापणी लवली तर उद्याच्या चित्राला खाच पडते, आणि खाच पडलेला उद्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारता येत नाही. त्यासाठी थेंब, त्यासाठी पापण्यांना चिमटे. नवीन माणूस आठवडाभर रडतो, मग त्याची पापणी निबर होते. आमच्यातला एकजण तर झोपायचासुद्धा अर्धे डोळे उघडे ठेवून. त्याची बायको माहेरी निघून गेली.

गिऱ्हाइकं मोठी होती. उद्या कुठली गिरणी जळणार, कुठला पूल बंद पडणार हे त्यांना आदल्या दिवशी कळायचं आणि ती आपापला माल हलवायची. गिरणीतल्या माणसांना कोणी कळवत नसे. कळवायचं नाही, असाच करार होता. भिंतीवर सोनेरी अक्षरांत पाटी होती: पाहिलं ते होणारच. मीही इतकी वर्षं त्या पाटीखालून मान खाली घालून जात होते.

आणि आज मी हे पाहिलं होतं. बोगद्याचं तोंड. तोंडाशी आडवा उभा असलेला पिवळा ट्रक. ट्रकच्या बंपरवर कोंबडा रंगवलेला, त्याची शेपटी बदकासारखी. वरचा कडा सुटला, अख्खा, झाडांसकट. पडद्याच्या खाली माझे स्वतःचे पाय दिसत होते, डाव्या पायात चप्पल नव्हती. ट्रकच्या काचेवर धूळ होती. आत कोणी आहे की नाही हे दिसणार, तेवढ्यात काळोख.

तो कोंबडा जगात एकाच ट्रकवर आहे. तो रंगवताना मी डबा धरून इतकी हसले होते की रंगवणारीचा हात हलला आणि शेपटीचा विचका झाला. रंगवणारी म्हणजे माझी नणंद. तिला सगळे भोंगा म्हणतात. बोलायला लागली की तीन गल्ल्यांपलीकडचे लोक खिडक्या लावतात. बोगद्यातली माती बाहेर काढायच्या कामावर ती ट्रक चालवते. माझा नवरा वारला तेव्हा लोक म्हणाले, आता नणंद घर सोडायला लावेल. तिनं माझी पेटी उचलून मोठ्या खोलीत ठेवली आणि स्वतः स्वयंपाकघरात झोपायला लागली. वर म्हणाली, "दादा घोरायचा, तू तरी घोरू नकोस." आम्ही रोज भांडतो. तिच्याशिवाय मला या जगात कोणी नाही.

"बोगद्यात कळवा," मी साहेबांना म्हटलं. "उद्या दुपारपर्यंत रिकामा करतील."

"आणि रिकामा केला तर?"

"तर माणसं वाचतील."

"आणि आपलं नाव जाईल." साहेबांनी चष्मा पुसला. "गिऱ्हाईक होणारी गोष्ट विकत घेतं हो, टळणारी नाही. शिवाय कडा कोसळताना तुम्ही पाहिलात. तो कोसळणारच."

"माणसं मेलेली नाही पाहिली."

"तेवढ्यात काळोख झाला ना." त्यांनी आवाज मऊ केला. "काळोख म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. आमच्यातल्या म्हाताऱ्याला काळोख दिसला होता. दुसऱ्या दिवशी तो खुर्चीतच गेला. तेव्हापासून केंद्रात काळोख म्हणजे पाहणाऱ्याचा शेवट, असंच सगळे धरून चालत. साहेबांनी माझा फोन काढून घेतला आणि मला मुक्कामाच्या खोलीत ठेवलं. ज्याला काळोख दिसला त्याला बाहेर सोडत नसत. उद्या खुर्ची रिकामी राहिली तर आज पाहिलेलं आलं कुठून, या प्रश्नानं साहेबांच्या तोंडचं पाणी पळायचं.

सकाळी थेंबमावशी आल्या. त्यांना नाव असेल, पण आम्ही सगळे थेंबमावशीच म्हणत आलो. डोळे सुजले होते त्यांचे, माझ्यासाठी रडून आल्या असाव्यात. थेंब पडला तो नेमका कोपऱ्यात, आणि असा झोंबला की मी कळवळून दोन्ही डोळे गच्च मिटले.

"अगं, मिटू नकोस!" मावशी ओरडल्या. "मिटायचे नाहीत!"

मी मिटलेलेच ठेवले. कारण समोर काळोख होता. अगदी तसाच, कालच्यासारखा. कडांना जरा तांबूस.

मला हसू आलं. इतकी हुशार माणसं, इतकी यंत्रं, आणि एकालाही हे सुचू नये? पण सुचणार कसं? ज्या घरात कोणी कधी डोळे मिटत नाही, त्या घरात काळोखाचा दुसरा अर्थ कोणाच्या डोक्यात येईल? म्हाताऱ्यानंही भीतीनं डोळे मिटले असतील, आणि भीतीनंच गेला असेल बिचारा. आम्हीच त्याला घाबरवून मारलं.

"मावशी," मी म्हटलं, "मी मरत नाहीये. मी डोळे मिटणार आहे."

"का?"

का, ते बोलता बोलताच कळलं. पाहिलं ते होणारच, मान्य. कडा कोसळेल, ट्रक जाईल. पण ट्रकमध्ये कोण आहे ते मी पाहिलेलं नाही. न पाहिलेलं अजून कोणाच्या बापाचं नाही. ते आमचं आहे. आणि उद्या, म्हणजे आज, खुर्चीत बसून नेमकं तेवढं न पाहणं माझ्या हातात आहे.

"भोंगाला सांगायला हवं," मी म्हटलं.

मावशींनी दाराकडे पाहिलं. बाहेर रखवालदार होता. "मला फोन आत आणू देत नाहीत," त्या म्हणाल्या. "पण न्हाणीघराच्या खिडकीचा गज सैल आहे. साफ करताना हातात येतो."

न्हाणीघर दुसऱ्या मजल्यावर. खाली गाड्यांच्या शेडचा पत्रा. मी गज काढला, खाली पाहिलं आणि पाचावर धारण बसली. मग लक्षात आलं की मी दुपारी खुर्चीत बसलेली आहे, काल माझ्या डोळ्यांनी बघितलंय. म्हणजे दुपारपर्यंत यमाच्या बापालाही मला हात लावता येणार नाही! अशी खात्री आयुष्यात पुन्हा मिळायची नव्हती. हातपाय मोडणार नाहीत असं मात्र कुठे पाहिलं नव्हतं. पण आता विचार करत बसले असते तर राहिलेच असते.

मी उडी मारली.

पत्रा असा वाजला की अख्खं केंद्र जागं झालं. डावी चप्पल पन्हाळीत अडकली ती तिथेच राहिली. कोपर सोलवटलं. मी घसरत खाली आले, फाटकाखालून निघाले आणि रस्त्यावर एका पार्सलवाल्याच्या स्कूटरपुढे उभी राहिले. तो चांगला मिशीवाला बाप्या, पण माझे डोळे बघून दचकला. पाहणाऱ्यांचे डोळे लालभडक असतात.

"उतरा," मी म्हटलं. "संध्याकाळी परत मिळेल."

"अहो, वेड लागलंय का!"

"दुपारपर्यंत मी मरत नाही. तुमचं मला माहीत नाही. उतरा."

तो उतरला. मी पार्सलांसकट सुटले. मागून केंद्राची काळी गाडी आली. मी आयुष्यात कधी एकेरी रस्त्यावर उलटी शिरले नव्हते. त्या दिवशी दोन-चारदा शिरले. समोरून बस आली, मी फुटपाथवर चढले. चांभाराच्या खोक्याला धडक दिली, त्यानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मागून पार्सलं रस्त्यावर सांडत होती आणि काळ्या गाडीचा चालक ती चुकवत होता, कारण त्याला दुपारची खात्री नव्हती. चौकात तो अडकला. मी ओरडून हसले. कित्येक वर्षांत इतकी मजा आली नव्हती, खोटं कशाला बोलू?

बोगद्यापाशी पोचले तेव्हा ऊन डोक्यावर येत होतं. भोंगा ट्रकच्या पायरीवर बसून मुकादमाशी हुज्जत घालत होती. मला बघून तिचं वाक्य अर्ध्यावर राहिलं, हेच मोठं आश्चर्य.

"वहिनी? एका पायात चप्पल? आणि स्कूटर कोणाची?"

मी तिला बाजूला ओढून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. तिला गप्प बसून ऐकताना मी प्रथमच पाहत होते.

"म्हणजे गाडी जाणार," ती म्हणाली.

"गाडी जाणार."

"परवाच नवे टायर घातलेत गं!"

"भोंगा!"

"बरं, बरं. आणि मी?"

"तुझं पाहिलं नाही. पाहणारही नाही." मी तिचा हात ओढला. "चल ना आपण इथून. आत्ता. स्कूटरवर बस."

तिनं बोगद्याकडे पाहिलं. आत पाळी चालू होती. खोदाईचं यंत्र पार पोटात, तिथून चालत बाहेर यायचं म्हणजे बराच वेळ. "आणि हे?" ती म्हणाली. "मुकादमाला सांगितलं तर तो ऐकेल? तुमच्या केंद्राचं नाव काढलं तर हसेल वर."

तिचं खरं होतं. केंद्राचं काम गुपचूप चालायचं. बाहेरच्यांना आम्ही हवामान खात्याचे वाटायचो. पण बोगद्याची स्वतःची एक रीत होती. तोंडाशी उभ्या ट्रकनं थांबून थांबून हॉर्न दिला तर आत येतोय, आणि सलग, न थांबता दिला तर हातातलं टाकून बाहेर पळा. सलग हॉर्नला कोणी कारण विचारायचं नाही. आधी बाहेर, मग कारण. विनाकारण देणाऱ्याची नोकरी त्याच दिवशी जायची, म्हणून अजून कोणी गंमत म्हणूनही दिला नव्हता.

"हॉर्नवरचा हात काढला की थांबतो," भोंगा म्हणाली. "आणि थांबला की ते परत फिरणार, चुकून वाजला म्हणून. म्हणजे शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत मला आत बसायला लागेल. गाडी आडवी घालते, म्हणजे दुसरी कुठली आत जायची नाही."

आडवी. मी काही तिला आडवी घाल म्हणून सांगितलं नव्हतं. घाईत तेवढं सांगायचं राहून गेलं होतं.

"नको," मी म्हटलं. "दुसऱ्या कोणाला बसव."

"कोणाला? नाव सांग." तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मातीचा, जड. "तू डोळे मीट म्हणजे झालं. घट्ट मीट. आणि मध्येच डोकावू नकोस. शिजत असलेल्या पातेल्यावरचं झाकण सारखं उघडून बघायची खोड आहे तुला."

तेवढ्यात काळी गाडी धुरळा उडवत आली. दोन रखवालदार उतरले. मी पळाले नाही. मला त्या खुर्चीत जायचंच होतं, आता त्यांच्यापेक्षा जास्त घाई मला होती. गाडीचं दार लागलं आणि मागे हॉर्न सुरू झाला, सलग. वळणापर्यंत ऐकू येत होता.

खुर्चीपाशी साहेब उभेच होते. घाम फुटलेला. "बसवा," ते म्हणाले. "चिमटे लावा. काय व्हायचंय ते ह्यांच्या डोळ्यांसमोर होऊ दे."

थेंबमावशींनी चिमटे लावले. लावताना माझ्याकडे पाहिलं नाही, पण स्क्रू पिळल्यासारखा केला आणि पिळलाच नाही. त्यांची नोकरी, त्यांचं पेन्शन, सगळं त्या एका बोटावर होतं.

पडदा लागला. बोगद्याचं तोंड. ट्रक आडवा, कोंबडा आमच्याकडे बघतोय. आवाज नव्हता, पण आतून माणसं धावत येत होती, शिरस्त्राणं हातात धरून, एकमेकांना ओढत. माझ्या काल पाहिलेल्या चित्रात ही माणसं नव्हती. कालचं चित्र यांच्या नंतर सुरू झालं होतं. माझा जीव अर्धा भांड्यात पडला. अर्धाच. घोळका कमी झाला, मग एकेकटे यायला लागले, मग कोणी नाही. मुकादम ट्रकच्या खिडकीवर मुठी आपटत होता. मग तो परत बोगद्यात पळाला, कोणी राहिलं का बघायला.

आता चित्र रिकामं झालं. हे मात्र मी पाहिलेलं होतं, जसंच्या तसं. खाली माझा उघडा डावा पाय.

कड्यावरचं एक झाड वाकलं. मग सगळीच वाकली. डोंगराची कड सुटून खाली निघाली, आणि काचेवरची धूळ हादऱ्यानं गळायला लागली. आणखी एक क्षण, आणि काचेआड दिसलं असतं. बघायची इतकी ओढ मला जन्मात कधी लागली नव्हती. सगळं अंग म्हणत होतं, बघ, फक्त एकदा बघ, आहे की नाही तेवढं कळू दे.

मी पापण्या खेचल्या. एक चिमटा निसटला, दुसऱ्यानं कातडी फाडली. मी डोळे मिटले.

काळोख. कडांना तांबूस.

"उघडा!" साहेब ओरडले. "उघडा डोळे! मावशी, ह्यांचे डोळे उघडा!"

"हात लावणार नाही मी," मावशी म्हणाल्या.

साहेबांनीच माझं डोकं धरलं, अंगठ्यांनी पापण्या वर लोटायला लागले. मी त्यांच्या हाताला चावले. कडकडून, चांगलं रक्ताची चव येईपर्यंत. ते मागे सरले. मी दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून गुडघ्यांत डोकं घातलं.

मग साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला, कालच्या चहासारखा. "बाई, गेली हो तुमची नणंद. मी बघतोय ना समोर. शेवटचं दर्शन तरी घ्या. उघडा."

क्षणभर खरं वाटलं. मग राग आला, असा आला की भीतीला जागाच उरली नाही.

"गेली असेल तर गेली," मी म्हटलं. "मग मी बघितलं काय आणि नाही काय! तुम्हाला एवढी घाई का? ठरलं नाहीये म्हणून ना? माझ्या डोळ्यांनी शिक्का मारायचा राहिलाय म्हणून ना? नाही मारत! बसा बोंबलत!"

पडद्याचा बारीक गुणगुणाट ऐकू येत होता. मग मावशींनी माझा हात धरला आणि मला उठवलं. "चल," त्या म्हणाल्या. "पायरी आहे, जपून." साहेब काहीतरी गिऱ्हाइकांबद्दल बडबडत होते, करार, बदनामी, पोलीस. रखवालदारांना त्यांनी हुकूम सोडला, पण एकही पाऊल हललं नाही. तेही पडदा बघत होते. काय दिसलं ते मी त्यांना विचारलं नाही. मावशींनाही नाही. त्यांनी सांगितलंही नाही. त्यांनी पडद्याकडे पाठ केली होती, असं नंतर कळलं.

मी मिटल्या डोळ्यांनी जिना उतरले. गालावरून रक्त ओघळत होतं. पाटीखालून जाताना मान ताठ ठेवली, पाटी दिसत नव्हती तरी. बाहेर ऊन लागलं. मावशींनी मला फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसवलं. गाड्या जात होत्या, माणसं चालत होती, आणि माझ्याकडे थांबण्याशिवाय काही नव्हतं. मी थांबले. मनात एकच घोकत होते: अजून ठरलेलं नाही, अजून ठरलेलं नाही. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही.

मग खडखडत एक रिक्षा थांबली, आणि फाटकावरच्या रखवालदाराशी कोणीतरी असं भांडायला लागलं की समोरच्या इमारतीतल्या खिडक्या धडाधड लागल्या.

"आत नाही सोडत म्हणजे? माझी वहिनी आहे तिथे! मुकादमानं बोगद्यातून पळत येऊन ऐन वेळी मला मानगुटीला धरून बाहेर ओढलंय, ट्रक मातीखाली गेलाय, नोकरी राहिली की गेली माहीत नाही, आणि तू मला पास विचारतोस? बाजूला हो!" पावलं धावत आली आणि माझ्यासमोर थांबली. मातीचा वास आला. "वहिनी? अगं, रक्त... आणि डोळे अजून मिटलेलेच? मी आलेय ना! उघड आता."

मी डोळे उघडले.